पंगत उठायला किती वेळ लागतो

बाळांनो, माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्ही एका मोठ्या सभागृहात जमिनीवर मांडी घालून बसला आहात. डाव्या हाताला माणसं, उजव्या हाताला माणसं, समोरच्या ओळीतही माणसं. सगळी मिळून एकशेवीस. प्रत्येकापुढे केळीचं पान. पानाच्या कडेला मीठ, शेजारी भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी, मग भाजी, लिंबू पिळलेलं पिवळं चित्रान्न आणि मधोमध वाफाळता भात. भूक लागली आहे, पण अजून हात लावायचा नाही. शेवटच्या पानावर तूप पडलं की कोणीतरी मोठ्याने ‘गोविंद’ म्हणतं, सगळे मागोमाग म्हणतात, आणि मगच पहिला घास.

आता तुमचं जेवण झालं. ताकभातही संपला. तुम्ही उठाल का? नाही. शेजारचा अजून जेवतो आहे. त्याचं झालं तरी पलीकडे कोणाचं तरी चाललेलं असतं. एकशेवीसातला शेवटचा माणूस हात थांबवतो, तेव्हा सगळे एकदम उठतात.

मग सांगा, ही पंगत उठायला किती वेळ लागेल? लगेच उत्तर देऊ नका. बेळ्ळंदूरच्या मनस्विनीने लगेच दिलं होतं, आणि ती तुमच्यापेक्षा काही कमी हुशार नव्हती.

मनस्विनी बारा वर्षांची. तिचे आईवडील तिला मनू म्हणतात. तळ्याजवळच्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर ती राहते. घरी जेवायला टेबल-खुर्ची, पण रामनवमीचा उत्सव आला की तिचं सगळं कुटुंब हनुमंतनगरच्या जुन्या सभागृहात जातं. उत्सव पंधरा दिवसांचा. संध्याकाळी गाणं, दुपारी जेवण. रोज जेवायला पन्नास-साठ माणसं असतात, पण शेवटच्या रविवारी पावणेपाचशे येतात. सभागृहात एका वेळी एकशेवीसच मावतात, म्हणून त्या दिवशी चार पंगती बसतात.

या पंगती सांभाळते कृष्णाबाई. सगळे तिला कृष्णाक्का म्हणतात. टेलिफोन बनवण्याच्या एका कारखान्यात तिने पस्तीस वर्षं काढली. तयार झालेला प्रत्येक फोन कानाला लावून तपासायचा, हे तिचं काम. नोकरीत असल्यापासूनच, सत्तावीस वर्षं, उत्सवाचं वाढप तिच्याकडे आहे. ती ओरडत नाही. पदर खोचून खांबापाशी उभी राहते आणि नुसती मान हलवते, की सारवाला उजवीकडे वळतो आणि तूपवाला मागे थांबतो. गेल्या वर्षी तिने मनूला मीठ वाढायला दिलं. मीठ सगळ्यांत आधी वाढतात, म्हणजे पंगत मनूपासून सुरू झाली. त्या दिवसापासून मनूला दुसरं काही नको होतं.

यंदा उत्सवाच्या पहिल्याच दिवशी उत्सव मंडळाचे चिटणीस सुधींद्रराव स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात वही.

“कृष्णाक्का, मागच्या वर्षी चौथी पंगत दोन वाजून छत्तीस मिनिटांनी बसली.”

“बसली.”

“त्या पंगतीत ड्रायव्हर होते, लांबून आलेली माणसं होती, तुमची स्वयंपाकाची मंडळी होती. एक बाई भुकेने चक्कर येऊन खाली बसल्या. तीन वाजता गाण्याच्या सतरंज्या घालायला माणसं दारात, आणि इकडे आपण अजून ताक वाढतोय.”

“मग काय करायचं म्हणता?”

“यंदाही पहिली साडेअकरालाच बसवू. चौथी सव्वादोनच्या आत बसली, तर तुमचं खरं. नाही बसली, तर पुढच्या वर्षापासून उभ्याने जेवण. टेबलावर पातेली, हातात ताट. रागावू नका.”

कृष्णाक्का रागावली नाही. “सरी,” म्हणजे कानडीत ‘बरं’, एवढंच म्हणाली आणि भात बघायला गेली. पण त्या दिवशी पंगतीतली दोन पानं मिठावाचून राहिली आणि तिच्या लक्षात आलं नाही. असं कधी झालं नव्हतं. मनूने धावत जाऊन मीठ घातलं, आणि तेव्हाच तिने ठरवलं, की ही पंगत जाऊ द्यायची नाही.

मनूचे वडील, श्रीवत्स, ज्या कामावर जातात ते काम ऐकायला गमतीचं आहे. विमानतळावर नवी तपासणीची खिडकी उघडली तर रांग किती कमी होईल, हे ते खिडकी न उघडता सांगतात. संगणकात एक खोटा विमानतळ करायचा, त्यात खोटी माणसं सोडायची आणि काय होतं ते बघायचं. खऱ्या गोष्टीचं असं छोटं रूप म्हणजे मॉडेल. ते चालवून बघणं म्हणजे सिम्युलेशन. खोटी माणसं थकत नाहीत आणि तक्रार करत नाहीत. एक दिवस हजार वेळा घडवून बघता येतो. हे फार मोठं सामर्थ्य आहे, बाळांनो. पूल, रेल्वे, दवाखाने, सगळीकडे शहाणी माणसं ते वापरतात.

“अप्पा, पंगत करता येईल का यात?” मनूने विचारलं.

“का नाही येणार? पण लक्षात ठेव, तू सांगशील तेवढंच ते करेल.”

मनूने एकशेवीस ठिपके केले. वाढायला बारा मिनिटं, उठल्यावर पानं काढून फरशी पुसायला आठ. जेवायला किती? तिने घड्याळ घेऊन घरातल्यांची जेवणं मोजली. मग शेजाऱ्यांची, मग मावशीकडच्यांची. मावशी म्हणाली, “घासाघासाला बघतेस, मला ठसका लागेल.” सगळ्यांची सरासरी निघाली अठरा मिनिटं. मनूने बटण दाबलं. ठिपके बसले, हिरवे झाले, एकेक करून उठून गेले. चौथी पंगत बसली एक वाजून चोवीस मिनिटांनी.

“झालं,” मनू म्हणाली. “काही करायलाच नको.”

“आता हेच मागच्या वर्षीचं समज,” अप्पा म्हणाले. “मागच्या वर्षीही माणसं तेवढीच, सभागृह तेच. तुझं मॉडेल म्हणतं एक चोवीस. खरं काय झालं?”

“दोन छत्तीस.”

“बहात्तर मिनिटं कुठे गेली?”

मनूने पुन्हा ठिपके सोडले आणि या वेळी डोळे त्यांच्यावर ठेवले. ते कढईतल्या लाह्यांसारखे उडत होते, एक इथून, एक तिथून. “असं कोणी उठतच नाही,” ती म्हणाली आणि तिलाच हसू आलं. पंगत एकदम उठते, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. इतकं माहीत होतं, की संगणकाला सांगायचं राहूनच गेलं. बाहेरच्या माणसाने आधी हेच विचारलं असतं. घरच्या माणसाच्या हातून अशीच चूक होते.

मग सरासरी उपयोगाची नाही. पंगत सर्वांत हळू जेवणाऱ्याबरोबर उठते. मनूने मोजलेल्यांत सर्वांत हळू होते शेजारचे काका, बावीस मिनिटं. तेवढी घातली, तर चौथी पंगत एक छत्तीसला बसली. अजून एक तास कमीच. म्हणजे प्रत्येक पंगतीत वीस मिनिटं हरवत होती.

आणि मनूला दुसरं पायस आठवलं. पायस म्हणजे आपली खीर. मोठ्या पंगतीत ती दोनदा फिरते. पहिली वाटी सगळे घेतात. दुसऱ्या वेळी चार वाढपी पातेलं घेऊन रमतगमत निघतात, “घ्या हो, स्वल्प घ्या” म्हणत एकेका पानापाशी थांबतात, कोणाच्या सुनेची चौकशी करतात. ते संपेपर्यंत पंगत हलत नाही. मनूने या फेरीला वीस मिनिटं दिली. चौथी पंगत बसली दोन वाजून छत्तीस मिनिटांनी. अगदी मिनिटाला मिनिट.

बापलेकींनी टाळी दिली. आकडा जुळला की किती आनंद होतो, हे ज्याने गणित सोडवलं आहे त्याला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मनूने संगणक सभागृहात नेला. सुधींद्ररावांनी चष्मा वर करून ठिपके पाहिले. “दुसरं पायस बंद केलं की एक छत्तीस?”

“हो.”

“कृष्णाक्का, इकडे या. बारा वर्षांच्या मुलीने शोधून काढलं. येत्या रविवारी साठ माणसं आहेत, दुसरी फेरी बंद ठेवून बघू.”

कृष्णाक्काने वाकून ठिपके पाहिले. बराच वेळ पाहिले. “छान केलंयस ग,” ती मनूला म्हणाली, आणि ते मनापासून होतं. मग सुधींद्ररावांना म्हणाली, “ती फेरी उगाच नाही ठेवलेली.”

“सत्तावीस वर्षांची सवय आहे, म्हणून ठेवलीय.”

“सरी. करून बघा.”

त्या रविवारी पंगतीच्या टोकाला गुंडोअण्णा बसले होते. वय चौऱ्याऐंशी. लहानमोठे सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. बस डेपोत त्यांनी आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं लिहिली. आता हातात काठी असते आणि तोंडात थोडेच दात उरले आहेत. मनूने मीठ वाढलं आणि खांबापाशी घड्याळ घेऊन उभी राहिली.

पायस एकदा फिरलं. ताकभात झाला. पंधराव्या मिनिटाला निम्म्या लोकांचे हात थांबले, विसाव्याला जवळजवळ सगळ्यांचे. सभागृह शांत झालं. हात वाळू लागले की माणसं इकडेतिकडे बघतात. एकाने टोकाकडे पाहिलं. मग दुसऱ्याने. मग हळूहळू सगळी ओळच तिकडे बघू लागली. गुंडोअण्णांच्या पानावर अजून निम्मा सारभात होता. त्यांनी मान वर केली, सगळ्यांचे डोळे पाहिले, पुढचा घास उचलला आणि पुन्हा पानावर ठेवला. मग पान दुमडलं.

“झालं माझं,” ते म्हणाले. “उठा, उठा.”

पंगत उठली. मनूच्या घड्याळात तेवीस मिनिटं झाली होती. मॉडेलने बावीस सांगितली होती.

“उत्तम,” सुधींद्रराव म्हणाले. “अगदी उत्तम.”

मनू टोकाकडे गेली. पानं गोळा करणाऱ्या मुलाने टोकाचं पान उचललं तेव्हा ते जड होतं, दुमडीतून भात खाली पडला. ती मागच्या अंगणात गेली. कृष्णाक्का तिथे पायरीवर बसून पाणी पीत होती.

“अक्का, अण्णा उपाशी उठले.”

“हो.”

“आधी ते किती वेळ जेवायचे?”

“चाळीस मिनिटं. कधी बेचाळीस.”

मनूने मनात हिशेब केला. बेचाळीसातून बावीस गेले, वीस उरले. “म्हणजे ती वीस मिनिटं पायसाची नव्हतीच.”

“पायस फिरायला सहा मिनिटं पुरतात. उरलेला वेळ मी वाढप्यांना रेंगाळायला सांगते. सुनेची चौकशी करा, आग्रह करा. सगळ्यांच्या हाताला काहीतरी असलं की मागे कोण राहिलं ते कोणाला दिसत नाही. अण्णांना वाटतं, सगळेच जेवतायत, आपणही जेवू. ते पोटभर जेवतात. त्यांचं झालं की मी पातेलं आत बोलावते.”

मनू तिच्याकडे बघत राहिली. खांबापाशी नुसती मान हलवत उभी असलेली ही बाई सत्तावीस वर्षं एकशेवीस माणसांचा वेळ अशी हळूच पुढेमागे करत होती, आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

“सुधींद्ररावांना का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर ते माईकवरून म्हणाले असते, हळू जेवणाऱ्यांसाठी थांबा. मग अण्णा आलेच नसते.”

“आणि मला?”

कृष्णाक्काने फुलपात्र पालथं घातलं. “सांगायला हवं होतं. मला वाटलं, टोकाला बसलेत, एक दिवस निभेल. चुकलं माझं.”

“माझं पण,” मनू म्हणाली. मग तिने विचारलं, “अण्णांसारखे किती जण आहेत?”

आणि आता, बाळांनो, नीट ऐका. कृष्णाक्काने बोटं मोजत अकरा नावं सांगितली. कागद नाही, वही नाही. लक्ष्मीदेवींचा हात कापतो, सार सांडू नये म्हणून घास लहान घेतात. त्रिविक्रम मास्तर डॉक्टरने सांगितलंय म्हणून एकेक घास बत्तीस वेळा चावतात. सुब्बारावांचे दात शाबूत आहेत, पण ते बोलतात, आणि घास हातातच राहतो. एका आजींना डाव्या डोळ्याने दिसत नाही, पानाची डावी बाजू त्या शेवटी शोधतात. कोण किती मिनिटं घेतो, कोण आपापल्या घरच्यांबरोबर कितव्या पंगतीला बसतो, सगळं तिच्या डोक्यात होतं. जगातला कुठलाही संगणक हे पुस्तकातून शोधू शकला नसता. मनू पेन आणायला धावली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने नवं मॉडेल मांडलं. चारशेऐंशी ठिपके, त्यातले अकरा तपकिरी. तपकिरी ठिपके कृष्णाक्काने सांगितल्याप्रमाणे चारही पंगतींत विखुरले. चौथी पंगत दोन छत्तीसलाच बसली.

“मागच्या वेळीही हाच आकडा जुळला होता,” अप्पा म्हणाले. “कारण मात्र चुकीचं होतं. मीही फसलो.”

मनू ठिपके हलवत बसली. पंगतीत एक तपकिरी असो की पाच, पंगत बेचाळीस मिनिटांनीच उठत होती. मग एका पंगतीतला एखादा उचलून दुसरीत टाकला. काही फरक नाही. तिसरीतले सगळेच उचलले, आणि तिसरी पंगत एकदम बावीस मिनिटांत उठली. मनूचा हात थांबला. तिने अकराही तपकिरी ठिपके पहिल्या पंगतीत नेऊन बसवले. पहिली पंगत सावकाश झाली, बेचाळीस मिनिटं. दुसरी बावीस. तिसरी बावीस. चौथी पंगत बसली एक वाजून छप्पन्न मिनिटांनी, कोणालाही उपाशी न उठवता.

तिने ते दोनशे वेळा चालवलं. खरं सभागृह असतं तर दोनशे वर्षं लागली असती.

पुढच्या भेटीत कृष्णाक्काने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “सत्तावीस वर्षं मी चारही पंगतींत अकरा जणांना सांभाळत बसले. एकत्र बसवावं, हे मला सुचलं नाही. वर पंख्याला लटकून बघितलं असतं तर सुचलं असतं.”

“मग झालं ना, अक्का?”

“कुठे झालं? तुझे ठिपके उचलले की जातात. गुंडोअण्णांना उचलून दाखव. साठ वर्षं ते म्हणतायत, आम्ही यजमान, पाहुण्यांच्या आधी पानावर बसणार नाही. एरवी त्यांना पहिलीला बसावं लागतं, कारण एकच पंगत असते. मोठ्या दिवशी ते चौथीला बसतात. त्यांनी ऐकलं नाही, तर बाकीचे दहाही घरच्यांना सोडून पहिलीला यायचे नाहीत.”

“तुम्ही सांगा त्यांना.”

“मी सांगितलं तर त्यांना कळेल, की इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी पंगत थांबवत होते. नको ग. तू जा.”

गुंडोअण्णा सभागृहाच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मनू संगणक मांडीवर घेऊन शेजारी बसली. येताना तिने दोन-तीन गोड बहाणे तयार केले होते. त्यांच्याकडे पाहिल्यावर एकही आठवेना.

“अण्णा, चौथी पंगत सव्वादोनच्या आत बसली नाही, तर पुढच्या वर्षी उभ्याने जेवण आहे.”

“ऐकलंय. मी काठी धरू की ताट?”

“तुम्ही आणि आणखी दहा जण पहिल्या पंगतीला बसलात, तर वेळेत बसते.”

अण्णांनी पेपर खाली केला. “आम्हीच का?”

मनूने मान खाली घातली. “तुम्ही हळू जेवता म्हणून.”

अण्णांनी पेपरची घडी घातली. समोरच्या रस्त्यावर फुलांची गाडी येऊन गेली.

“मग गेल्या रविवारी तेवीस मिनिटांत पंगत उठली, ती तू मोजलीस वाटतं?”

“हो. तुम्ही निम्मा भात टाकलात, तो मॉडेलमध्ये नव्हता.”

अण्णा हसले, थोड्या दातांनी, पण छान हसले. “दाखव तुझं मॉडेल. यातला मी कुठला?”

“हा, तपकिरी.”

“जरा बरा रंग नव्हता? बटाट्यासारखा दिसतो. जांभळा कर.” मनूने जांभळा केला. अण्णांनी पंगती उठताना पाहिल्या, एकदा विखुरलेल्या, एकदा एकत्र. चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. “मी वेळापत्रक लिहायचो ना, तेव्हा कागदावर आमची बस चाळीस मिनिटांत मॅजेस्टिक स्टँडला पोचायची. रोज पासष्ट लागायची. साहेब म्हणायचे, ड्रायव्हर आळशी. मी एक दिवस स्वतः बसमध्ये बसलो. एका थांब्यावर शाळेची पोरं चढायची, सत्तर पोरं, एकच दार. कागदावर तो थांबा अर्ध्या मिनिटाचा होता.”

“मग काय केलंत?”

“कागद बदलला. पोरं थोडीच बदलता येतात?” त्यांनी काठी टेकली. “बाकीच्या दहांशी मी बोलतो. सुब्बाराव कुरकुरेल, कुरकुरू दे. पण आमच्या पंगतीत पायस दोनदा फिरलं पाहिजे.”

“फिरेल.”

“आणि यजमान आधी बसले असं कोणी म्हणालं, तर सांग, यंदा आम्ही यजमान नाही. वाढपी लोक यजमान आहेत.”

शेवटचा रविवार आला. साडेअकराला मनूने पहिल्या पानावर मीठ ठेवलं. पहिल्या ओळीत अकरा जण शेजारीशेजारी बसले होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं, कारण सगळेच सावकाश जेवत होते. त्रिविक्रम मास्तर चावत होते, सुब्बाराव बोलत होते, लक्ष्मीदेवींच्या शेजारची बाई त्यांच्या द्रोणाला हळूच हात लावून होती. समोरच्या ओळींत बसलेल्या तरुणांना दुसरं पायस मिळालं, ते खूश होते. गुंडोअण्णांनी पान स्वच्छ केलं, बोट चाटलं आणि मग मान वर केली. कृष्णाक्का खांबापाशी उभी होती. तिने पातेलं आत बोलावलं.

दुसरी पंगत बारा छत्तीसला बसली. तिसरी एक बावीसला. सुधींद्रराव दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. अण्णा ओट्यावर विडा चघळत, येणाऱ्याजाणाऱ्याला कितवी पंगत चालली आहे ते विचारत होते. कृष्णाक्काचा पदर घामाने भिजला होता, पण तिसऱ्या पंगतीत तिला कोणाला रेंगाळायला सांगावं लागलं नाही, आणि तिने ताकवाल्याला चक्क घाई करायला लावली.

चौथ्या पंगतीचं शेवटचं पान मांडून माणूस त्यावर बसला, तेव्हा दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती.

सुधींद्ररावांनी वहीत वेळ लिहिली. वही मिटून ते कृष्णाक्कापाशी गेले. “पुढच्या वर्षीची केळीची पानं कोणाकडून मागवायची?”

“त्याच्याचकडून. पण यंदा फाटकी फार होती, सांगा त्याला.”

“सांगतो,” ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून स्वतःच भाताचं पातेलं उचलायला गेले.

मनूने चौथ्या पंगतीला मीठ वाढलं. शेवटच्या पानाशी तिची कंबर सरळ झाली. अप्पा दारात उभे होते.

“काय, खूश?”

“मॉडेल म्हणालं एक छप्पन्न,” मनू म्हणाली. “दोन नऊ झाले. तेरा मिनिटं.”

“सव्वादोनच्या आत बसली ना.”

“बसली. पण ही तेरा कुठे गेली?”

प्रत्येक पंगत उठल्यावर चार-पाच मिनिटं. तिने सभागृहावर नजर फिरवली. तिसऱ्या पंगतीची माणसं उठून किती वेळ झाला होता, तरी मागच्या दारात गर्दी होती. खरकटे हात वर धरून माणसं दार अडवून उभी होती, आणि त्यांच्यामधून वाट काढत चौथ्या पंगतीचे लोक मघाशी कसेबसे आत आले होते. दाराबाहेर हात धुवायला चार नळ. त्यातल्या एकाची धार करंगळीएवढी.

मनूने मिठाचं भांडं अप्पांच्या हातात दिलं. गर्दीतून वाकून ती बाहेर गेली, नळांसमोरच्या पायरीवर चढली आणि आपल्या वहीचं कोरं पान काढलं. एका आजोबांनी नळ सोडला. तिने घड्याळाचं बटण दाबलं आणि मोजायला लागली.